घरचे चायनीज : मोठ्याच्या मटणाचा फ्राईड राईस

सदर : चूल आपली



गेल्या महिन्यात विहारातला कार्यक्रम आटोपून मी चपला शोधत होते. तेवढ्यात एका ताईंनी मला बाजूला घेतले. या ताई तीन घरची कामे करतात, मालक माथाडी आहेत आणि मोठा मुलगा नुकताच कुरियरच्या कामाला लागला आहे. म्हणाल्या, "ताई, आमचा मोठा रोज रात्री नाक्यावरच्या गाडीवर चायनीज खाऊन येतो. घरी झाकून ठेवलेले ताट तसेच राहते. मी म्हटले, तुला एवढे आवडते तर मी घरी करते. तर म्हणतो, तुझ्या हातचे मटण चिवट होते, त्यांच्यासारखे मऊ तुला जमायचे नाही. ते लोक काय घालतात हो त्यात?" मग इकडेतिकडे बघून आवाज अगदी खाली आणला. "आमच्याकडे मोठ्याचेच असते. त्याचे चायनीज होते का?"

होते. चांगले होते. हाँगकाँगच्या साध्या खानावळींत मोठ्याच्या खिम्याचा फ्राईड राईस ही नेहमीची, पोटभरीची थाळी आहे. त्या ताईंना मी तेव्हा दोन-चार गोष्टी सांगितल्या, पण तेवढ्याने काम भागणारे नव्हते. म्हणून आज सगळेच सविस्तर लिहिते. त्यांनी आवाज खाली का आणला, त्याबद्दलही बोलू.

हे जेवण कुणाचे?

गाडीचा लाल पडदा आणि कढईखालचा जाळ पाहून आपल्याला वाटते, हे काही तरी शहरी चैनीचे खाणे आहे. तसे मुळीच नाही. चिनी भाषेत याला 'चाओ फान' म्हणतात. चाओ म्हणजे मोठ्या आचेवर भराभर परतणे आणि फान म्हणजे भात. उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून त्यात घरात असेल ते थोडे मांस, एखादे अंडे, कांद्याची पात घालून परतायचे. आपल्या आया फोडणीचा भात करीत आल्या, त्यामागचा हिशेब हाच. काटकसरीच्या घरातले हे जेवण आहे.

ते आपल्या देशात कसे आले, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. कोलकात्याच्या टांगरा भागात हक्का चिनी लोकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चामडे कमावण्याचे कारखाने काढले. चामड्याला हात लावणे जिथे विटाळ मानला जाई, तिथे हा धंदा या परक्या लोकांना मोकळा मिळाला. त्यांच्या कारखान्यांत बिहारहून आलेले चर्मकार मजूर राबत. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या हजारो चिनी माणसांना, बायकामुलांसकट, राजस्थानातल्या देवळी येथील छावणीत डांबले गेले. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणावरून कोलकात्याचे चामड्याचे कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला. कारखाने गेले. अनेक कुटुंबांनी मग खानावळींवर भर दिला. आपल्या मुंबईत ज्यांच्या नावावर चिकन मंचुरियन जमा आहे, ते नेल्सन वांग हेही कोलकात्यात जन्मलेले. १९७५ च्या सुमारास त्यांनी तो पदार्थ केला. तेव्हा नाक्यावरच्या त्या प्लेटमागे, ज्यांच्या कामाला इतरांनी नाक मुरडले अशा कष्टकऱ्यांचा इतिहास आहे.

मांस कोणते घ्यावे?

आधी कायद्याचे बघू, कारण याबाबत घरोघरी गोंधळ आहे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस आणि रेडा त्या बंदीत नाहीत. तपासणी होऊन, परवान्याच्या कत्तलखान्यात कापलेले म्हशी-रेड्याचे मांस विकत घेणे, शिजवणे आणि खाणे यात गुन्हा नाही. म्हणून आजची कृती म्हशीच्या मांसाची आहे. ओळखीच्या, परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावे, पावती मिळाली तर जपून ठेवावी. नुसत्या संशयावरून माणसांना मारहाण झाल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. सावध राहण्यात कमीपणा नाही.

दुकानात पाव किलो अंडरकट मागावे. हा पाठीच्या कण्याखालचा भाग जनावराच्या कामाला फारसा येत नाही, त्यामुळे कोवळा राहतो. तो महाग वाटला तर मांडीचे बिनहाडकाचे घ्यावे. मांस ताजे, गडद लाल, दाबले तर वर येणारे असावे. चिकट लागले किंवा आंबूस वास आला तर घेऊ नये.

ज्या घरांत मोठ्याचे शिजत नाही किंवा मांसच शिजत नाही, त्यांनी याच कृतीने कोंबडीचे, नुसत्या अंड्याचे किंवा अळंबीचे करावे. ज्याचे त्याचे घर, ज्याचा त्याचा निर्णय.

मऊपणाचे गुपित

गाडीवाला काही जादू करीत नाही. त्याच्याकडे तीन युक्त्या आहेत.

पहिली कापण्याची. मांसाकडे नीट पाहिले तर लाकडासारखे धागे एका दिशेने गेलेले दिसतात. धाग्याच्या दिशेने कापले तर लांब दोरा तोंडात येतो आणि दात दुखेपर्यंत चावावे लागते. धाग्याला आडवे कापले की तो दोराच तुटून बारीक होतो. आपल्या आज्या चान्या वाळत घालण्यासाठी मांसाच्या लांबच लांब पट्ट्या काढीत. धागा कुठे जातो हे त्यांच्या हाताला न बघता कळे. इथे तीच नजर वापरायची, फक्त सुरी आडवी धरायची. काप जुन्या रुपयाच्या नाण्याइतके पातळ हवेत. घरात फ्रीज असेल तर मांस अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवावे, थोडे घट्ट झाले की पातळ कापले जाते. फ्रीज नसेल तर सुरीला धार लावून घ्यावी किंवा दुकानदाराकडूनच काप करून घ्यावेत.

दुसरी युक्ती खाण्याच्या सोड्याची. पाव किलो मांसाला चहाचा पाव चमचा सोडा, वर दोन चमचे पाणी. हाताने चोळून वीस मिनिटे ठेवायचे. सोड्यामुळे मांसातले धागे आचेवर आवळून घट्ट होत नाहीत आणि आतले पाणी आतच राहते. नंतर मांस पाण्याने धुऊन, हातात दाबून घट्ट पिळायचे. धुतले नाही किंवा सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते. "थोडा जास्त घालते, लवकर मऊ होईल" असे कुणी करू नये.

तिसरी युक्ती कॉर्नफ्लॉवरची. धुतलेल्या मांसाला एक चमचा सोया सॉस, एक चमचा कॉर्नफ्लॉवर, एक चमचा तेल आणि मिरपूड लावून दहा मिनिटे ठेवायचे. हे पीठ मांसाभोवती पातळ पापुद्रा धरते.

आता एक खरे सांगते. आपल्याकडे बाजारात येणारे मांस पुष्कळदा म्हाताऱ्या जनावराचे असते. त्याला या तिन्ही युक्त्या पुरत नाहीत. अशा वेळी हट्ट करू नये. एक तर खिमा आणावा, जसा हाँगकाँगला वापरतात. नाही तर मांसाचे मोठे तुकडे आले-लसूण आणि मीठ लावून कुकरमध्ये पंचवीस मिनिटे शिजवावेत, गार झाल्यावर हाताने रेषा सोडवाव्यात आणि त्याच परताव्यात. कुकरमधले पाणी टाकू नये. दुसऱ्या दिवशी त्याचे सूप करावे.

भात कसा असावा?

फ्राईड राईस बिघडतो तो मसाल्याने नव्हे, भाताने. भात कोरडा, गार आणि मोकळा हवा. गरम, ओला भात कढईत टाकला की त्याची खिचडी होते. बासमतीच पाहिजे असे नाही. जुना कोलम चांगला. रेशनच्या जाड तांदळाचाही होतो. नवा तांदूळ मात्र चिकट असतो, तो टाळावा. तांदूळ तीनदा धुऊन, वीस मिनिटे भिजवून, भरपूर उकळत्या पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून शिजवावा. दाणा बोटाने दाबला की आत किंचित कणी लागली पाहिजे. लगेच चाळणीत ओतून पाणी काढावे, परातीत पसरावा आणि पंख्याखाली तासभर गार होऊ द्यावा.

इथे एक महत्त्वाची सूचना. चायनीजला शिळा भात लागतो असे ऐकून रात्रीचा भात टोपात तसाच बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरू नये. शिजलेल्या भातात 'बॅसिलस सिरियस' नावाचे जंतू उबेत वाढतात. त्यांनी एकदा विष तयार केले की भात कितीही परतला तरी ते जात नाही. उलट्या आणि जुलाब होतात आणि लहान मुलांना ते फार बाधते. फ्रीज असेल तर भात गार होताच, तासा-दोन तासांत आत ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वापरावा. फ्रीज नसेल तर त्याच संध्याकाळी भात करून, परातीत वाळवून त्याच रात्री परतावा. चवीत फारसा फरक पडत नाही.

साहित्य (पाच माणसांसाठी)

तांदूळ २ मोठ्या वाट्या, म्हशीचे मांस पाव किलो, अंडी २, कांदा १, गाजर १, फरसबीच्या शेंगा ८-१०, बारीक चिरलेला कोबी १ वाटी, ढोबळी मिरची १, पातीचा कांदा ४-५ काड्या, लसूण ८ पाकळ्या, आले बोटाच्या पेराएवढे, हिरव्या मिरच्या २, सोया सॉस ३ मोठे चमचे (त्यातला एक मांसाला), कॉर्नफ्लॉवर १ चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, व्हिनेगर १ चमचा, मिरपूड, तेल ५ मोठे चमचे, मीठ बेताने.

मीठ बेताने का? सोया सॉस खारटच असतो आणि भातही मिठाच्या पाण्यात शिजलेला असतो. आधी चाखावे, मग घालावे.

कृती

गॅस पेटवण्यापूर्वी सगळे चिरून, वाट्यांत मांडून ओट्यावर ठेवावे. एकदा कढई तापली की लसूण सोलायला वेळ नसतो. ज्या पाटावर कच्चे मांस कापले तो पाट आणि सुरी साबणाने धुतल्याशिवाय त्यावर भाजी चिरू नये. भाजी आधी चिरून घेतली तर उत्तमच.

१. लोखंडी कढई मोठ्या आचेवर धूर येईपर्यंत तापवावी. दोन चमचे तेल घालून मांसाचे काप एका थरात पसरावे. अर्धा मिनिट हात लावू नये, खालून लाल होऊ द्यावे. मग भराभर परतून, रंग बदलला की दीड-दोन मिनिटांत ताटलीत काढावे. पाव किलो मांस दोन खेपांत परतावे. एकदम टाकले तर कढई गार होते, पाणी सुटते आणि मांस त्या पाण्यात उकडून चामड्यासारखे होते. त्या ताईंचे मटण चिवट होत होते ते बहुधा इथेच.

२. त्याच कढईत चमचाभर तेल घालून फेटलेली अंडी ओतावी, चमच्याने मोडून बाजूला काढावी.

३. उरलेल्या तेलात लसूण, आले, मिरची आणि कांदा दहा-पंधरा सेकंद परतावा. मग गाजर आणि फरसबी दोन मिनिटे, नंतर कोबी आणि ढोबळी मिरची अर्धा मिनिट. भाजी कुरकुरीत राहिली पाहिजे. झाकण ठेवू नये.

४. भाताच्या गुठळ्या ओल्या हाताने मोडून भात घालावा. कढई लहान असेल तर भात, भाजी, सगळेच निम्मे निम्मे करून दोनदा परतावे. उलथन्याने दाबू नये, खालून वर उचलावा. दोन मिनिटांत दाणे उड्या मारू लागतात.

५. सोया सॉस भातावर न ओतता कढईच्या कडेने सोडावा. तापलेल्या लोखंडावर तो चुरचुरतो आणि गाडीवरचा तो ओळखीचा वास येतो. कॅन्टनकडचे लोक या वासाला 'कढईचा श्वास' म्हणतात. शेवटी मांस, अंडे, व्हिनेगर, मिरपूड आणि कांद्याची पात घालून एकदा वरखाली करावे. मांस चांगले वाफाळले की उतरवावे.

खिम्याचा करायचा असेल तर सोड्याची गरज नाही. खिमा सुटा होऊन, सगळीकडे तपकिरी होईपर्यंत परतावा. खिम्यात कुठेही कच्चा लाल भाग राहता कामा नये.

अजिनोमोटोबद्दल अनेक जणी विचारतात. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेडा या शास्त्रज्ञांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातली चव शोधून काढली, त्याची ही भुकटी. चिमूटभर घातली म्हणून विषबाधा होत नाही. पण सोया सॉसमध्ये तीच चव मुळातच असते, त्यामुळे घरी वेगळी घालायची गरज नाही. तेवढाच खर्च वाचला.

आवाज खाली का?

आता त्या ताईंच्या खाली आलेल्या आवाजाकडे येते.

चीनमध्येही अनेक राजवटींत नांगराचा बैल मारायला कायद्याने बंदी होती. शेती बैलावर चाले, हे त्याचे मोठे कारण. आपल्याकडे मात्र ताटातल्या मांसावरून माणसाची पायरी ठरली. गोमांस खाणे आणि अस्पृश्यता यांचा संबंध बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात मांडून दाखवला. त्याआधी १९२७ साली महाडला त्यांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले आणि लोकांनी ते सोडले. ते सोडणे स्वाभिमानाचे होते. पैसे मोजून, ताजे, तपासलेले मांस आणून आपल्या चुलीवर शिजवणे यात मान खाली घालण्यासारखे काय आहे? बाहेर कुठे बोलावे आणि कुठे गप्प राहावे, हे ज्याने त्याने प्रसंग पाहून ठरवावे. पण निदान विहाराच्या दारात, आपल्याच बाईजवळ, आवाज खाली आणायचे कारण नाही.

दुसरी एक गोष्ट मला यापेक्षाही जास्त सलते. मी त्यांना विचारले, "मटण केले की तुमच्या वाट्याला किती येते?" त्या हसल्या. "मला रस्सा आवडतो," म्हणाल्या. भगिनींनो, हे उत्तर आपण सगळ्याच देतो. आधी मालक, मग मुलगे, मग मुली आणि शेवटी पातेल्याच्या तळाशी उरलेला रस्सा आपला. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी खाली वाकून काम करणाऱ्या बाईलाच रक्त कमी पडते. मांसातले लोह शरीराला भाजीतल्या लोहापेक्षा सहज लागू पडते आणि त्याची सर्वांत जास्त गरज असलेलीच रश्श्यावर भागवते.

म्हणून मला हा पदार्थ आवडतो. यात वाढताना तुकडे मोजता येत नाहीत. पाव किलो मांस पाच जणांच्या घासाघासात सारखे मिसळलेले असते. शेवटी बसणारीच्या ताटातही ते येते. मात्र एक करा. कढई उतरवली की पाचही ताटे एकदम वाढा. स्वतःचेही.

परवा त्या ताई पुन्हा भेटल्या. पहिल्यांदा भात गरम असतानाच टाकला, त्याचा गोळा झाला. दुसऱ्यांदा जमला. मुलगा काय म्हणाला, असे मी विचारले. "मान वर केली नाही त्याने, खातच होता. मग म्हणाला, गाडीसारखा नाही, पण उद्या डब्याला दे." आणि मांस? "थोडे चिवट होते," त्या म्हणाल्या, चांगल्या मोठ्या आवाजात. "पण पाच ताटे वाढली. माझ्यात मोजून सात काप होते."

आपल्या स्वयंपाकघरातल्या अडचणी, आपल्या आई-आजीच्या जुन्या कृती मला जरूर कळवा. पुढच्या अंकी उन्हाळ्यातल्या वाळवणांबद्दल बोलू. तोवर सर्वांना जयभीम.